सिमेंटच्या जोडीला राख : इंदूरमध्ये घर बांधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदुरात घरांच्या बांधकामावर देखरेख करतो. सुदामानगर, लोकमान्यनगर आणि राजवाड्यामागच्या गल्ल्या हा माझा रोजचा फेरा. फोनवर, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मांडवात लोक फ्लाय ॲशबद्दल फिरून फिरून तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत, जमेल तितके त्यांच्याच शब्दांत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. फ्लाय ॲश म्हणजे राखच ना? मग आमच्या बंबातली राख का नाही चालत?

राखच, पण जात वेगळी. औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. हजार अंशांच्या वरच्या उष्णतेत तो क्षणात जळतो. कोळशातली माती वितळते आणि धुराबरोबर वर जाताना थंड होऊन तिचे काचेसारखे बारीक गोळे बनतात. चिमणीच्या आधी बसवलेली विद्युतभारित पत्र्यांची यंत्रणा हे गोळे धरून ठेवते. तीच फ्लाय ॲश, म्हणजे उडती राख. एकूण राखेतली साधारण ८० टक्के अशी उडती असते, बाकीची जड होऊन भट्टीच्या तळाशी पडते (तिच्याबद्दल प्रश्न १८).

लाकडाच्या राखेत पोटॅशसारखे क्षार आणि अर्धवट जळालेला कोळसा असतो, ही सिलिकाची काच नसते. ती भांडी घासायला ठेवा.

२. सिमेंट कमी करून राख घातली तर काँक्रीट कच्चं राहणार नाही का?

सिमेंटला पाणी लागलं की दोन पदार्थ तयार होतात. एक म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचं चिवट जाळं, ज्यानं खडी-वाळू धरून ठेवली जाते. दुसरा विरी गेलेला चुना. हा चुना ताकदीला फारसा उपयोगी नाही, उलट पाण्याबरोबर विरघळून बाहेर येतो. जुन्या गच्चीखाली पांढरे ओघळ दिसतात ते बहुतेक वेळा त्याचेच. फ्लाय ॲशमधली काच याच चुन्याशी हळूहळू जुळते आणि आणखी तसंच चिवट जाळं बनवते. सिमेंटानं मागे टाकलेलं ही राख कामाला लावते, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.

यात आपल्याला नवं काही नाही. चुन्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून आपल्याकडे वाडे बांधले गेले, ते याच जोरावर. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेनं करत. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावावरून अशा पदार्थांना ‘पोझोलाना’ नाव पडलं, आणि सिमेंटच्या पोत्यावरच्या ‘पीपीसी’मधला मधला ‘पी’ तोच.

फक्त हे काम सावकाश होतं आणि ओलाव्याशिवाय होत नाही. पुढच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

३. आम्ही ठेकेदाराला राख घालायला सांगितलीच नाही. तरी आमच्या घरात ती असेल?

बहुतेक असेलच. दुकानातून पीपीसी म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट आणलं असेल, तर राख कारखान्यातूनच मिसळून आली आहे. त्याचं भारतीय मानक आय.एस. १४८९ (भाग १), आणि त्यात राखेचं प्रमाण १५ ते ३५ टक्के ठेवायला सांगितलं आहे. पोतं उलटून पाहा, राख किती टक्के ते छापलेलं असतं. तिथेच भरल्याचा आठवडा आणि वर्षही असतं. ते तर आवर्जून पाहा, कारण तीन महिने जुनं सिमेंट घेणं हा राखेपेक्षा कितीतरी मोठा घोटाळा आहे.

४. आमचा ठेकेदार म्हणतो, “भिया, पीपीसी मतलब मिलावट, ओपीसी त्रेपन्न ही लो।” खरं काय?

त्याचा अनुभव खरा आहे, काढलेला अर्थ चुकीचा. ओपीसी म्हणजे ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट, आपलं साधं सिमेंट. मानकातले आकडे बघा. ओपीसी ५३ ला ३ दिवसांत किमान २७, ७ दिवसांत ३७ आणि २८ दिवसांत ५३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद द्यावी लागते. पीपीसीला अनुक्रमे १६, २२ आणि ३३. ठेकेदाराला चौथ्या दिवशी फळ्या खोलून दुसऱ्या साईटवर न्यायच्या असतात, म्हणून त्याचा जीव ओपीसीत अडकलेला. हे आकडे किमान आहेत. नावाजलेल्या कंपन्यांचं पीपीसी २८ दिवसांत ३३ च्या बरंच पुढे जातं आणि त्यानंतरही चढत राहतं.

दोन मजली घराला ५३ ची घाई कशाला लागते, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. ते लवकर तापतं, मालव्याच्या उन्हाळ्यात जास्तच तापतं, आणि पाणी मारण्यात कसूर झाली की चिरतं. राहतं घर असेल आणि वेळ असेल तर मी पीपीसी सांगतो. हिवाळ्यात काम घाईनं उरकायचं असेल किंवा काँक्रीट प्लांटवरून येणार असेल, तर गोष्ट वेगळी (प्रश्न ११ आणि १३).

५. राख जास्तीत जास्त किती टक्के चालते?

काँक्रीटच्या कामाचं मानक आय.एस. ४५६, त्यानुसार सिमेंटचा भाग म्हणून हिशेबात धरायची राख पीपीसीच्या मर्यादेत, म्हणजे ३५ टक्क्यांच्या आत हवी. ओपीसीत बाहेरून राख घालायची तर घरगुती कामात मी २० ते २५ वर थांबतो.

हिशेब वजनावर करायचा. एक नमुना देतो: एम २५ (२८ दिवसांत २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद देणारं काँक्रीट) यासाठी एका घनमीटरला एकूण ३४० किलो ‘सिमेंट अधिक राख’, त्यात २५५ किलो ओपीसी, ८५ किलो राख, पाणी १५३ लिटर. म्हणजे पाण्याचं गुणोत्तर ०.४५, तेही दोन्हींच्या बेरजेवर काढलेलं. हा आकडा उचलून थेट वापरू नका. तुमच्या वाळू-खडीवर मिक्स डिझाइन, म्हणजे मालाच्या प्रमाणांचा हिशेब, करून घ्या, त्याची रीत आय.एस. १०२६२ मध्ये आहे.

“धरणात तर निम्म्याहून जास्त घालतात,” असं कुणीतरी इंजिनिअर भाचा सांगतोच. खरं आहे. महाराष्ट्रातल्या घाटघरच्या धरणात तसं केलं आहे. अमेरिकेत मोंटाना राज्यातलं हंग्री हॉर्स धरण १९५३ साली पूर्ण झालं, त्यातही राख वापरली होती. पण धरणाचं काँक्रीट जाडजूड, त्यात उष्णता कमी ठेवणं हीच मोठी चिंता, आणि ताकद भरायला महिने हाताशी. तुमच्या पाच इंची स्लॅबला सात-दहा दिवसांत टेकूंशिवाय उभं राहायचं आहे.

६. पीपीसीच वापरतोय. साईटवर त्यात थोडी राख अजून मिसळली तर बचत होईल?

नका करू. इथे मी स्वतः पोळलो आहे.

माझ्याच घराच्या मागच्या जिन्याचं काम चालू होतं आणि मी दोन दिवस देवासला लग्नाला गेलो होतो. विटांसाठी आणलेली राख अंगणात पडली होती. मिस्त्रीनं पीपीसीच्या प्रत्येक पोत्यामागे दोन तगाऱ्या राख ढकलली, का तर माल मऊ चालतो, थापी छान फिरते. मऊ चालतो हे खरंच, गोल कणांमुळे माल घसरतो. पण हिशेब बघा. ५० किलोच्या पोत्यात ३० टक्के धरून १५ किलो राख आधीच होती. वरून साधारण २५ किलो पडली. ७५ किलोत ४० किलो राख, निम्म्याहून जास्त. पाणीही त्यानं हाताच्या अंदाजानं ओतलं.

आठव्या दिवशी मी पायरीच्या कडेवर रुपयाचं नाणं ओढलं, तर खडूसारखी रेघ उमटली आणि नाण्याला भुकटी लागली. तीन पायऱ्या फोडून पुन्हा भराव्या लागल्या. मिस्त्रीशी भांडण झालं नाही, कारण राख अंगणात मीच उघडी ठेवली होती.

७. ही राख इंदूरला येते कुठून?

मुख्यतः निमाडातून. खंडवा जिल्ह्यात डोंगलिया इथे श्री सिंगाजी औष्णिक वीज केंद्र आहे, क्षमता २५२० मेगावॅट. निमाडचे संत सिंगाजी यांचं नाव त्याला दिलं आहे. खरगोन जिल्ह्यात एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे. भारतातल्या कोळशात राखेचं प्रमाणच ३० ते ४५ टक्के, त्यामुळे शंभर गाड्या कोळसा जाळला की तीस-चाळीस गाड्या राख शिल्लक राहते. ती कुठेतरी लावणं सरकारलाही भाग आहे. पर्यावरण मंत्रालयाच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं वीज केंद्रांवर शंभर टक्के राख वापरात आणण्याची जबाबदारी टाकली, आणि केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी राखेपासून बनलेला माल वापरावा असं सांगितलं. इंदूर त्या टापूत आरामात येतं.

ही राख सिलिकावाली. कच्छ-राजस्थानकडच्या लिग्नाइट या तपकिरी कोळशाची राख चुनावाली असते, तिचे नियम वेगळे.

८. साईटवर आलेली राख चांगली की वाईट, घरच्या घरी कसं ओळखू?

पक्कं उत्तर प्रयोगशाळाच देईल (प्रश्न ९). नाकारायची राख मात्र बरेचदा हातात घेतल्यावरच कळते. चिमूटभर अंगठा आणि बोटात चोळा. चांगली राख टाल्कम पावडरसारखी घसरते. खरखर लागली तर जाड आहे, किंवा तळाची राख मिसळली आहे. रंग फिकट करडा हवा. काळपट असेल तर न जळलेला कोळसा जास्त.

मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन एक चमचा राख ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. वर काळे कण आणि तेलकट काळा थर तरंगला, तर माल परत पाठवा. पांढरट करडी साय तरंगली तर मात्र घाबरू नका. ते पोकळ गोळे असतात, आत हवा अडकलेले. भिंगाखाली पाहा, साबुदाण्यासारखे दिसतात. माझ्या पुतणीनं शाळेच्या प्रदर्शनात तेच मांडले होते.

गोणीत गुठळ्या असतील, राख दमट असेल, तरीही घेऊ नका.

९. टेस्ट रिपोर्टमध्ये नेमकं काय वाचायचं?

वर आय.एस. ३८१२ (भाग १) लिहिलेलं हवं. त्याच मानकाचा भाग २ असलेली राख जाड असते, ती सिमेंटच्या जागी धरायची नाही. मग हे आकडे बघा: सिलिका, ॲल्युमिना आणि लोह ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के, जाळल्यावर घटणारं वजन जास्तीत जास्त ५ टक्के (न जळलेला कोळसा यातच दिसतो), ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेली राख ३४ टक्क्यांपर्यंत, बारीकपणा किमान ३२० चौरस मीटर प्रति किलो, चुन्याशी जुळण्याची ताकद किमान ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. माझ्या मते पहिली नजर चाळणीच्या आकड्यावर टाकावी. रसायन एका केंद्रात फारसं बदलत नाही, बारीकपणा मात्र गाडीगणिक बदलतो. रिपोर्ट वर्षभर जुना असेल तर तो दुसऱ्याच राखेचा समजा.

१०. पाणी किती दिवस मारायचं? सात दिवस पुरतात ना?

नाही. सात दिवस हे साध्या ओपीसीचं गणित. आय.एस. ४५६ सांगतं की पीपीसी असो वा बाहेरून घातलेली राख, किमान १० दिवस सतत ओलं ठेवा, आणि कोरड्या गरम हवेत ही मुदत १४ दिवसांवर न्या. इंदूरचा एप्रिल-मे याहून वेगळा काय असतो? म्हणून मी सरळ चौदा दिवस सांगतो, पावसाळा सोडून.

‘सतत’ या शब्दावर लोक घसरतात. सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंपडणं, ज्याला आपल्याकडे सगळे तराई म्हणतात, ते स्लॅबला पुरत नाही. दुपारी दोन वाजता गच्चीवर जाऊन तळहात टेकवा. कोरडा लागला तर मधले सहा तास राखेचं काम बंद होतं. स्लॅबवर वाळू-सिमेंटचे बोटभर उंच बांध घालून आळी करा आणि दोन इंच पाणी उभं राहू द्या. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधा. बीमच्या बाजू विसरू नका, त्या नेहमी उपाशी राहतात.

“नळ एक दिवसाआड येतो, चौदा दिवस पाणी आणू कुठून?” हा प्रश्न रास्त आहे. आळ्यांवर प्लास्टिकचं कापड पसरून कडेला विटा ठेवा; पाणी उडत नाही, टँकर निम्म्यावर येतो. टँकरचं पाणी जिभेला खारट लागलं तर मात्र आधी तपासून घ्या.

११. सेंटरिंग कधी खोलायचं?

आय.एस. ४५६ मधल्या मुदती अशा: कॉलम-भिंतींच्या उभ्या फळ्या १६ ते २४ तास, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवस, पुढे २१. या मुदती ओपीसीच्या आहेत, आणि तापमान १५ अंशांखाली जात नाही असं गृहीत धरून. जानेवारीत इंदूरची रात्र १० अंशांच्या आत उतरते. तेव्हा राखेचं काम जवळपास झोपलेलं असतं.

माझा शिरस्ता असा की पीपीसी असेल तर सातच्या जागी दहा दिवस आणि चौदाच्या जागी अठरा. डिसेंबर-जानेवारीत त्यावर आणखी तीन-चार. भाड्याच्या प्लेटांचे दिवस वाढतात म्हणून ठेकेदार कुरकुरतो. ते भाडं मालकानं द्यावं आणि वाद मिटवावा. फळ्या निघाल्या तरी मधले टेकू लगेच काढू देऊ नका, विशेषतः वरच्या मजल्याचं काम सुरू होणार असेल तर.

१२. मे महिन्यात स्लॅब भरला, दोन तासांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आल्या. राखेमुळे का?

थोड्या राखेमुळे, जास्त वाऱ्यामुळे. राखेच्या काँक्रीटमधून वर पाणी कमी झिरपतं. एरवी हा गुणच, पण लू वाहत असली की पृष्ठभाग आतल्यापेक्षा आधी सुकून आखडतो. अशा भेगा बहुधा वरवरच्या असतात. काँक्रीट अजून ओलं असेल तर थापीनं पुन्हा दाबून बुजवता येतात. सिमेंटची कोरडी भुकटी वरून भुरभुरू नका, तिचे नंतर पापुद्रे सुटतात. पुढच्या वेळी संध्याकाळी भरा आणि जसजसा भाग पुरा होईल तसतसा प्लास्टिकनं झाका.

१३. रेडीमिक्स मागवतोय. प्लांटवाल्याला काय विचारू?

चार गोष्टी. सिमेंट कुठलं: ओपीसी आहे याची खात्री करा, कारण प्लांटवर राख वेगळ्या सायलोतून (उंच कोठीतून) पडते, आणि पीपीसीवर पुन्हा राख पडली तर प्रश्न ६ ची गत. राख किती टक्के. मिक्स डिझाइनचा कागद. आणि प्रत्येक गाडीबरोबर बॅच स्लिप, जिच्यावर सिमेंट, राख, पाणी यांची प्रत्यक्ष वजनं छापलेली असतात. स्लिप डिझाइनशेजारी धरून ताडून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हावी, असं आय.एस. ४९२६ म्हणतं. रिंगरोडच्या गर्दीत ती अडकून माल घट्ट झाला, तर ड्रायव्हर ड्रममध्ये पाइप सोडायला बघतो. तिथे उभे राहा आणि सोडू देऊ नका. माल सैल करायचाच तर प्लांटचा माणूस रसायन घालेल, पाणी नाही.

१४. २८ दिवसांचा क्यूब कमी आला. सप्लायर म्हणतो, राख आहे, ताकद पुढे चढेल. मानायचं का?

क्यूब म्हणजे त्याच मालाचा चाचणीसाठी भरलेला ठोकळा. सप्लायरचं म्हणणं कधी खरं असतं, कधी पळवाट. ताकद २८ दिवसांनंतर चढते हे प्रश्न ४ मध्ये आलंच आहे, पण एम २५ म्हणजे २८ दिवसांत २५. राख धरूनच डिझाइन करायचं असतं, नंतर सबब म्हणून ती पुढे करायची नसते.

यावर उपाय भरण्याच्या दिवशीच करून ठेवावा. तीन क्यूब २८ दिवसांसाठी, तीन जास्तीचे ५६ दिवसांसाठी. खर्च किरकोळ, आणि वाद झाला तर हातात पुरावा. सहा ते पंधरा घनमीटर काँक्रीटला किमान दोन नमुने घ्यायचा नियम आहे. क्यूब कुठे ठेवले होते हेही विचारा. उन्हात पडलेल्या क्यूबनं काँक्रीटची बदनामी केलेली मी पाहिली आहे.

१५. प्लास्टर आणि वीटकामाला पीपीसी चालेल?

उत्तम चालेल. माल लोण्यासारखा लागतो, भेगाही कमी येतात. इथे ओपीसी ५३ वापरणं पैसे घालवणं आहे.

१६. आमच्याकडे काळी माती आहे. पायात राखेचं काँक्रीट घातलं तर घर हलणार नाही ना?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगाळते. त्या हालचालीवर काँक्रीटच्या प्रकाराचा काही परिणाम होत नाही. पाया मुरुमापर्यंत नेणं, खाली-वर बांधणारे बीम, घराभोवती पाणी मुरू न देणं, हे त्याचे उपाय. जमिनीत सल्फेट असेल तर सिलिकावाल्या राखेचं घट्ट काँक्रीट साध्या ओपीसीपेक्षा चांगलं टिकतं, एवढा फायदा मात्र आहे. माती तपासायला दिलीच असेल तर सल्फेटही तपासायला सांगा.

१७. राखेमुळे सळई लवकर गंजते असं ऐकलं. पाण्याच्या टाकीला वापरू की नको?

ऐकलंत ते अर्धं आहे. सळईला गंजापासून जपतो तो काँक्रीटमधला क्षारपणा, आणि त्यातला चुना राख खाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत शिरत हा क्षारपणा आणखी कमी करतो. काँक्रीट सच्छिद्र असेल तर तो लवकर सळईपर्यंत पोचतो. पण राख नीट मुरली तर छिद्रंच बारीक होतात, मग पाणीही सहज शिरत नाही आणि क्लोराइडही नाही. म्हणजे तीच राख चौदा दिवस पाणी मिळालेल्या टाकीत फायद्याची आणि चार दिवस पाणी मिळालेल्या छज्ज्यात तोट्याची. टाकीला जरूर वापरा. छज्जा, जाळी, पडदी असे पातळ भाग असतील तर कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून अंतरावर धरणारे ठोकळे) लावले आहेत का, हे वाकून बघा; सळईखाली खडीचे तुकडे सरकवलेले चालणार नाहीत.

१८. ट्रॅक्टरवाला तलावातली राख निम्म्या भावात देतो. घेऊ?

भरावासाठी घ्या. सिमेंटच्या जागी नको. उडती आणि तळाची राख पाण्याबरोबर वाहून तलावात सोडलेली असते. ती जाड-बारीक मिसळलेली, ओली, आणि ढिगाच्या एका टोकाला एक तर दुसऱ्या टोकाला भलतीच. फक्त भट्टीच्या तळाची राख वाळूला थोडी पर्याय म्हणून चालते, तीही चाचणी करून, कारण ती पाणी पिते.

१९. तळघरात काँक्रीट भरताना उग्र वास आला, डोळे चुरचुरले. भेसळ होती का?

तो अमोनिया. काही वीज केंद्रं राख नीट पकडली जावी किंवा धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून धुरात अमोनिया सोडतात. त्यातला थोडा राखेवर बसतो आणि सिमेंटच्या क्षारात ओला झाला की वायू होऊन सुटतो. ताकदीला सहसा धोका नाही. उघड्या स्लॅबवर वास उडून जातो. तळघरात मात्र पंखे लावा, मजुरांना आळीपाळीनं बाहेर काढा, आणि पुरवठादाराला कळवा.

२०. राखेत विषारी धातू असतात, किरणोत्सर्गही असतो म्हणे. घरात लहान मुलं आहेत.

धातू असतात, अल्प प्रमाणात. उघड्या ढिगातून पावसाच्या पाण्याबरोबर ते झिरपणं ही खरी चिंता, आणि ती तलावाशेजारच्या गावांची. काँक्रीटमध्ये ते घट्ट अडकून राहतात. किरणोत्सर्ग माती, वीट, ग्रॅनाइट यांच्यातही असतो, आणि राखेतला त्याच पातळीच्या आसपास. कोरडी राख हाताळणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाचं मात्र मला जास्त वाटतं. मिक्सरवर गोणी फोडणाऱ्या पोराला नीट मास्क द्या. तोंडाला गमछा बांधून एवढी बारीक धूळ अडत नाही.

२१. शेवटी वाचतं किती?

प्रश्न ५ मधल्या नमुन्यात घनमीटरमागे ८५ किलो, म्हणजे पावणेदोन पोत्यांच्या जवळपास सिमेंट कमी लागलं. शंभर चौरस मीटरचा सव्वाशे मिलिमीटर जाडीचा स्लॅब साडेबारा घनमीटर, एकवीस पोती. त्यातून राख, वाहतूक आणि जास्तीच्या सेंटरिंगचे दिवस वजा करा. पीपीसीनं बांधत असाल तर बचत पोत्याच्या भावातच आली आहे, वेगळी शोधू नका. एक टन साधं सिमेंट बनवताना पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेवढाही त्या प्रमाणात टळतो.

२२. आजोबांचा वाडा चुन्यातला आहे. दुरुस्तीला पीपीसी वापरलं तर चालेल? त्यातही राख असतेच की.

राख असली तरी पीपीसी हे सिमेंटच. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत खपले सुटतात, जुन्या विटेचा पापुद्रा सोबत घेऊन. इथे राखेचा उपयोग वेगळ्या रीतीनं होतो. भिजवून मुरवलेला चुना, वाळू आणि सुरखीच्या जागी बारीक फ्लाय ॲश. चुन्याशी जुळणं हा तर तिचा मूळ धर्म (प्रश्न २), त्यासाठी सिमेंट मध्ये लागतच नाही. मागच्या वर्षी राजवाड्याजवळच्या एका वाड्यात आम्ही एक चुना, एक राख, तीन वाळू असा माल घेऊन आधी जिन्याखालच्या कोपऱ्यात हातभर तुकडा लावला आणि तो पावसाळाभर तसाच ठेवला. तुम्हीही आधी एक कोपरा करून पाहा, ओलं गोणपाट बांधून पंधरा दिवस ठेवा, मगच दर्शनी भिंतीला हात घाला.